बोनकोड्यात न सापडलेला उंट

साताऱ्याहून कोपरखैरण्याला मी गेलो तो एका वाक्यामुळे. ते वाक्य मीच कापले होते.

आमचे दैनिक जिल्ह्याचे आहे. तरी पहाटेच्या एसटीने एक गठ्ठा रोज वाशीला जातो, कारण तिथल्या कांदा-बटाटा बाजारात पाठीवर पोती वाहणारे निम्मे लोक आमच्या तालुक्यांतले. ते कोपरखैरण्यात राहतात आणि दुपारी गावाकडची बातमी वाचतात. याच वाचकांपैकी नामदेव शेलार यांचे एक पत्र त्या हिवाळ्यात आले. शेलार साताऱ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला गेले. त्यांनी कळवले होते की, बोनकोडे गावाजवळच्या एका शाळेत लाखो वर्षांपूर्वीच्या, आता नामशेष झालेल्या उंटाचा जबडा ठेवला आहे. पुढे त्याची लक्षणे होती.

बातमीत महत्त्वाचे वर आणि कमी महत्त्वाचे खाली लिहितात. ऐनवेळी जाहिरात आली की खालून कापायचे, काही बिघडत नाही. पण शेलारांनी प्रयोगशाळेच्या रीतीने लिहिले होते. आधी वस्तू काय, मग तिची लक्षणे आणि अगदी शेवटी नमुना कोठून आला. त्या संध्याकाळी शेतीपंपाची जाहिरात आली. मी शेवटचे वाक्य कापले. ते असे होते: 'हा जबडा हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत मिळाला.' मथळाही मीच दिला: 'बोनकोड्याजवळ प्राचीन उंटाचा जबडा.'

महिन्याभराने शेलारांचे दुसरे पत्र आले. तक्रार नव्हती. पुण्याहून एक तज्ज्ञ बाई शनिवारी जबडा तपासायला येणार आहेत, आपल्या दैनिकाचा प्रतिनिधी साक्षीला असावा, एवढेच. संपादकांनी मूळ पत्र काढायला लावले, शेवटची ओळ वाचली आणि मला गुरुवारच्या गाडीत बसवले.

गुरुवार: कोपरखैरणे

साताऱ्यात पत्ता विचारायचा तर माणसाचे नाव सांगतात. विचारलेला मनुष्य आधी त्या माणसाच्या तब्येतीविषयी बोलतो आणि मग दारापर्यंत येतो. इथे पानवाल्याने नाव ऐकूनच घेतले नाही. त्याला सेक्टर हवा होता, मग लाइन, मग रूम नंबर. माझ्याजवळ यांपैकी फक्त सेक्टर होता. निवृत्त आहेत, कॉलेजात होते, असे सांगून पाहिले. शेवटी उंटाचा उल्लेख केला.

"मग असं बोला ना. उंटवाले अण्णा," तो म्हणाला. "त्यांचं ते बैलाचं निघालं म्हणतात." आणि त्याने रूम नंबर सांगितला.

अण्णा दारातच होते. बासष्टीचे, बारीक, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात भिंग. त्यांनी मला पाटावर बसवले आणि सूनबाईंनी, सुनंदाताईंनी, ताट आणले. पिठले, भाकरी, ठेचा. मी हात धुतानाच सांगायचे ठरवले होते की वाक्य मी कापले. तोंड उघडले तसे अण्णा म्हणाले, "आधी जेवा पावणं. बोलनं कुटं पळतंय." जेवणानंतर चहा आला, चहाबरोबर पोहे आले आणि पोह्यानंतर विषय उंटावर गेला.

जबडा घरी नव्हता. पुण्याच्या डॉ. फाटक बाईंचे पत्र आल्यावर मुख्याध्यापकांनी तो काचेच्या कपाटातून काढून आपल्या कचेरीत खडूच्या खोक्यांमागे ठेवला होता. अण्णा दर गुरुवारी शाळेत जाऊन मुलांना त्याच्याविषयी सांगत. आता ते गुरुवारही बंद झाले होते. म्हणून अण्णांनी मला जबडा घरातल्या फरशीवर खडूने काढून दाखवला. तो आधीच काढलेला होता. सुनंदाताई आठवडाभर त्याच्या कडेने फरशी पुसत होत्या.

तीस वर्षांपूर्वी कॉलेजची सहल शिवालिकला गेली असताना अण्णा पाणी आणायला ओढ्यात उतरले आणि त्यांचा पाय या जबड्यावर पडला. प्राध्यापकांनी चिठ्ठी लिहिली, 'बैल', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. त्यानंतर अण्णांनी पंचवीस वर्षे त्या प्रश्नचिन्हावरची धूळ झटकली. शेजारच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत खऱ्या बैलाची कवटी होती. रोज एक झटकून दुसऱ्याकडे गेले की फरक दिसतोच, असे त्यांचे म्हणणे. कॉलेजने जुनी कपाटे काढली तेव्हा त्यांनी रीतसर अर्ज करून हा जबडा मागून घेतला आणि इथे आल्यावर शाळेला दिला होता.

फरक त्यांनी तीन आकृत्यांत समजावला. बैलाच्या खालच्या दाढेला बाहेरून दोन फुगवटे असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक खांब उभा असतो. उंटाच्या दाढेत तो खांब नसतो. बैलाच्या जबड्याची मागची कड गुळगुळीत वळते, उंटाच्या कडेला आकड्यासारखे टोक येते. एवढ्याने बैल आणि उंट वेगळे होतात. शिवालिकचा उंट आजच्या उंटाहून वेगळा ठरतो तो तिसऱ्या खुणेने. त्याच्या खालच्या दाढेच्या पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एक उभी कड असते. अशी कड दक्षिण अमेरिकेतल्या लामाला आहे. आपल्या आजच्या उंटाला नाही.

"नाही हे कुणी पाहिलंय?" मी विचारले. हा धंद्याचा प्रश्न होता.

"पुस्तकात हाय. मी न्हाई पायलं," अण्णा म्हणाले. "म्हनून उद्या वाशीला जायाचं. उंटाच्या तोंडात बघाया."

फाटक बाईंचे पत्रही त्यांनी दाखवले. नवी मुंबईच्या जमिनीखाली काळा पाषाण आणि वर खाडीचा चिखल, त्यात शिवालिकचा उंट निघणे म्हणजे आंब्याला नारळ लागणे, असे त्यात होते. शेवटचे वाक्य मी उतरवून घेतले: 'जबडा बैलाचा असावा किंवा माणूस खोटा असावा. मी येऊन दोन्ही तपासीन.'

"दुसरं कसं तपासनार, त्ये ल्हिलं न्हाई," अण्णा म्हणाले. सुनंदाताईंनी तेवढ्यात लाडू आणले.

शुक्रवार सकाळ: बोनकोडे

बोनकोडे गाव कोपरखैरण्याच्या आतच आहे. चार मजली इमारतींची रांग संपते, एक बोळ वळतो आणि एकदम कौले, तुळशी आणि वाळत घातलेली जाळी दिसू लागतात. नव्या वसाहतीला दिशा चार आणि सेक्टर अनेक. गावात मात्र अजून वरची आळी आणि खालची आळी आहे.

धर्मा पाटील वरच्या आळीचे वडील माणूस. त्यांच्या ओटीवर देवाच्या तसबिरीशेजारी आमच्या दैनिकाचे कात्रण काच लावून टांगलेले होते. मथळा माझा असल्याने मी ते लांबूनच ओळखले. मी पेपरवाला म्हटल्यावर पाटलांनी खुर्ची स्वतः पुसली.

अण्णांनी त्यांना यापूर्वी तीनदा सांगितले होते की उंट इथला नव्हे. चौथ्यांदा सांगितले. पाटलांनी काचेकडे बोट केले. "पेपरान आलंय. तुमी आता नाय बोलता. मंग पेपर खोटा काय?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चहा पीत होतो आणि पीत राहिलो.

पाटलांचे गाऱ्हाणे सरळ होते. जमिनी गेल्या, भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. आता इमारतींतले लोक विचारतात की या वस्तीत हे गाव कसे आले. "आमचा गाव मदी आला बोलतान. कवापासून हाय त्याचा कागुद नाय आमचेकडं. आता उंट हाय."

अण्णांना तुलनेसाठी बैलाचा जबडा हवा होता. हे ऐकून पाटील आत गेले आणि पोटमाळ्यावरून जुन्या पंचात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. पूर्वीच्या त्यांच्या शेतात आता एक इमारत उभी आहे. तिच्या पाइपसाठी चर खणला तेव्हा कामगारांना हा जबडा मिळाला आणि त्यांनी तो कचऱ्यात टाकला. पाटील रोज सकाळी तिथे उभे राहून काम बघत. त्यांनी दात ओळखले. डावी मागची दाढ अर्धी तुटलेली, म्हणजे ढवळ्या. शेवटची नांगरणी केलेला बैल, बांधाशी पुरला होता.

"परत द्याचा," पाटील म्हणाले. "काम झाला का परत."

मग जेवण झाले. तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचे कालवण. साताऱ्यात मासा म्हणजे नदीचा आणि तोही क्वचित. निवटी चिखलावर चालते, हे मला तिसऱ्या घासानंतर सांगण्यात आले. काटे काढण्याचा माझा वेग पाहून पाटीलबाईंनी नातवाला शेजारी बसवले. तो चार वर्षांचा होता आणि त्याने माझ्या ताटातले काटे मला वेगळे करून दिले.

शुक्रवार संध्याकाळ: वाशी

वाशीच्या तळ्याकाठी संध्याकाळी एक उंट येई आणि मुलांना फेऱ्या मारून आणी. गळ्यात घुंगरू, पाठीवर आरशांची झूल, नाव बादशाह. त्याचा मालक मारवाडातला, मोठ्या मिश्यांचा. अण्णांनी त्याला हिंदीत सांगितले की आम्हाला बसायचे नाही, तोंडात बघायचे आहे. त्याने विचारले, डॉक्टर हो क्या. अण्णा म्हणाले, नहीं, प्रयोगशाला. डॉक्टरपेक्षा हे पद वरचे असावे, अशा समजुतीने त्याने उंट खाली बसवला.

दाढेचा ठसा घ्यायचा अण्णांचा बेत होता. त्यासाठी सुनंदाताईंनी कणकेचे तीन गोळे डब्यात दिले होते. देताना डबा परत आणा म्हणाल्या होत्या, गोळ्यांविषयी काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांचा अंदाज बरोबर ठरला. पहिला गोळा अण्णांनी बादशाहच्या डाव्या गालात सरकवला. उंटाने तो दाबला, म्हणजे ठसा उमटला असणार. मग गिळला. दुसऱ्याचेही तेच झाले. मालकाने विचारले, और है? फेरीसाठी थांबलेली मुले आता फेरी विसरून जवळ आली होती. एका आईने आपल्या मुलीला सांगितले की हे दातांचे काका आहेत, नीट घासले नाहीत तर असे करतात.

तिसरा गोळा अण्णांनी दिला नाही. त्यांनी तो उंटाच्या डोळ्यांसमोर धरला आणि मागे घेतला. पुन्हा धरला आणि मागे घेतला. तिसऱ्या वेळी बादशाहने मान वर करून, तोंड पूर्ण उघडून निषेध नोंदवला. तो बराच वेळ चालला. मी बॅटरी घेऊन दीड हातावर होतो. पाहिले आणि लगेच लिहिले: 'उंट, जिवंत. खालची दाढ, डावी. मध्ये खांब नाही. पुढचा बाहेरचा कोपरा सपाट, कड नाही. ५.४०.'

चाळीसमधले शून्य काढत असताना बादशाहने पोटातला हिरवा चोथा वर आणून माझ्यावर टाकला. शर्ट गेला. वही अर्धी गेली. नोंद मात्र वाचता येत होती. मालकाने सांगितले की तो ओळखीच्या माणसावर असे करत नाही.

घरी सुनंदाताईंनी शर्ट बादलीत टाकला आणि मला बाळासाहेबांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, सदरा दिला. बाळासाहेब बाजारात शंभर किलोची पोती वाहतात. सदऱ्यात आणखी एक मी मावलो असतो. त्याही संध्याकाळी मी कापलेल्या वाक्याविषयी बोलायला सुरुवात केली. बासुंदी आली.

शनिवार: शाळा

डॉ. फाटक ठरल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी आल्या. पन्नाशीच्या, उंच, हातात स्वतःची मोजपट्टी. मुख्याध्यापकांनी नारळ आणि शाल तयार ठेवली होती. बाईंनी दोन्ही बाजूला सारले आणि टेबल मोकळे करायला सांगितले. टेबलावर अण्णांचा जबडा ठेवण्यात आला. दीड वीत लांब, विटकरी रंगाचा, उचलला तर दगडाच्या वजनाचा. शेजारी ढवळ्याचा, पंचासकट. मागे धर्मा पाटील टोपी घालून उभे होते, गावातर्फे.

बाईंनी दोन्ही जबडे बारा मिनिटे पाहिले. अण्णा तेवढा वेळ हात मागे बांधून उभे होते. परीक्षक बाहेरगावचा असला की प्रयोगशाळेत असेच उभे राहायचे असते, हे त्यांनी नंतर सांगितले. बाईंनी मागच्या कडेवरून बोट फिरवले, आकड्यावर थांबवले. ढवळ्याच्या कडेवरून फिरवले, ते कुठेच थांबले नाही. मग भिंग दाढेच्या कोपऱ्यावर धरले.

"आजच्या उंटाला ही कड नसते, हे यांनी कशावरून ठरवलं?" त्यांनी विचारले. मी वही पुढे केली. त्यांनी नोंद वाचली, मग हिरवा डाग पाहिला. "हे काय?"

"उंट," मी म्हणालो.

त्यांनी वहीचा वास घेतला आणि पुरावा मान्य केला.

निकाल त्यांनी उभ्यानेच दिला. जबडा उंटाचाच. कॅमेलस सिवालेन्सिस, शिवालिकचा नामशेष उंट, वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. मग मुख्याध्यापकांच्या विनंतीवरून त्यांनी उंटाचे कुळ सांगितले. उंट रवंथ करतो, पण शास्त्र त्याला गाई-बैलांच्या गटात घेत नाही. त्याचे पोट वेगळे, पाय वेगळे. खूर टेकवून नव्हे, तळव्याच्या मऊ गादीवर चालतो. म्हणून त्याची शाखाच निराळी.

"म्हंजे सोसायटीत ऱ्हातो पन मेंबर नाय," पाटील मागून म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि हे बरोबर आहे म्हणाल्या. पुढे त्यांनी सांगितले की हे कुळ मुळात उत्तर अमेरिकेतले. तिथून काही दक्षिणेला गेले, त्यांचे लामा झाले. काही जमिनीच्या वाटेने आशियात आले, त्यांचे उंट.

पाटील टेबलाजवळ आले. "मंग यो पन बाहेरचाच. फ्लॅट घ्याला आलता," ते म्हणाले. पण टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती.

"आता एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "जबडा खरा आहे. मग तो बोनकोड्यात सापडला असं कुणी लिहिलं?"

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णांनी जमिनीकडे पाहिले. खायला जवळपास काहीही नव्हते.

"ते कुणी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "शेवटचं वाक्य शिवालिकचं होतं. जाहिरातीला जागा हवी होती. ते मी कापलं. मथळाही माझाच."

मुख्याध्यापक हातातली शाल उलगडत आणि घडी घालत राहिले. बाईंनी अण्णांना विचारले, की हे तुम्हाला माहीत होते का. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यांच्या पत्राची कार्बन प्रत. शेवटची ओळ निळी, ठळक.

"नोंदीची दुसरी परत ठेवायची, ही आमची रीत," ते म्हणाले. "पर पावणं जेवत हुतं. जेवत्या मानसाला कसं बोलायचं?"

"तीन दिवस?" बाई म्हणाल्या.

"जेवतच हुतं की," अण्णा म्हणाले.

बाईंनी आपले पत्र परत मागितले. अण्णांनी ते दिले. बाईंनी शेवटच्या वाक्यावर काट मारली, सही केली आणि कागद अण्णांच्या हातात ठेवला. मग मुख्याध्यापकांकडून शाल घेतली आणि अण्णांना दिली. नारळ उरला, तो मुख्याध्यापकांनी, काय करावे न सुचून, मला दिला.

चिठ्ठ्या लिहायचे काम माझ्याकडे आले. पहिली ओळ 'शिवालिक टेकड्या'. मग प्राण्याचे नाव. मग 'शोधक: नामदेव शेलार'. प्राध्यापकांची जुनी चिठ्ठी काढून टाकायला अण्णा तयार होईनात. बैल चुकला असेल, म्हणाले, पण प्रश्नचिन्ह बरोबर होते. ती चिठ्ठी जबड्याखाली ठेवण्यात आली.

पाटील ढवळ्याला पंचात गुंडाळू लागले होते. बाईंनी विचारले, तुलनेसाठी हा इथेच ठेवता येईल का. पाटलांनी गाठ मारणे थांबवले.

"त्याचं नाव लिवनार?"

चिठ्ठीवर जातीचे नाव लिहितात, पाळलेले नव्हे, असे बाई म्हणाल्या. मग त्यांनी तुटक्या दाढेकडे पाहिले. "ठिकाण नक्की आहे. ओळखणारा समोर उभा आहे. इतकी पक्की नोंद माझ्या संग्रहात एकाही हाडाची नाही. लिहा नाव."

पाटलांनी पंचा घडी करून काखेत घेतला. काचेचे कपाट बंद झाल्यावर ते एकटेच मागे राहिले आणि काच बाहीने पुसून मग आले.

सातारा

परतल्यावर मी खुलासा लिहिला. चार वाक्ये. ठिकाण पहिल्या वाक्यात, चूक आमची हे दुसऱ्यात, उंट तिसऱ्यात. त्या संध्याकाळी पानावर दुसरे उपसंपादक होते आणि एका ट्रॅक्टरची जाहिरात आली. चार दिवसांनी वाशीच्या एसटीचा चालक कचेरीत येऊन निरोप सांगून गेला: बोनकोड्याचे पाटील विचारतात, आमचा बैल कुठाय.

हा लेख त्यामुळे लिहावा लागला. संपादकांनी पूर्ण पान दिले असून कापायचे झाल्यास वरून कापावे, असे ठरले आहे. खुलाशातले चौथे वाक्य पुढीलप्रमाणे होते:

'तुलनेसाठी शेजारी ठेवलेला दुसरा जबडा ढवळ्या नावाच्या बैलाचा असून, तो बोनकोडे येथेच सापडला आहे.'